घरकुलाचे जोते आणि चाकांची खुर्ची

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 37 ने घरवाटपाच्या शासकीय योजनांत किमान 40 टक्के दिव्यांगत्व असलेल्यांसाठी 5 टक्के आरक्षण ठेवले आणि त्यातही महिलांना प्राधान्य दिले. परंतु हे आरक्षण घर कोणाला द्यायचे एवढेच ठरवते, आणि मिळालेल्या घरात त्या माणसाला वावरता येईल का, हा प्रश्न तसाच राहतो.

जालना जिल्ह्यात हा प्रश्न जोत्यापासूनच सुरू होतो. येथील काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून गवंडी जोते उंच घेतात, आणि ते योग्यच आहे. मात्र चाकांची खुर्ची चढवायची तर उतार 1:12 असावा, म्हणजे एक फूट उंचीसाठी बारा फूट लांबी सोडावी, असे सुगम्यतेचे मानक सांगते. दोन फुटांच्या जोत्याला त्यामुळे 24 फुटांचा उतार लागतो. भूमिहीनाने शासकीय साहाय्यातून घेतलेली 500 चौरस फुटांची जागा 20 बाय 25 ची असेल, तर तिची जवळजवळ सगळी लांबी त्यातच संपते. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाला केंद्राच्या निकषाने सपाट प्रदेशात 1 लाख 20 हजार रुपये मिळतात आणि घर किमान 25 चौरस मीटरचे असावे लागते. घरात दिव्यांग व्यक्ती आहे म्हणून ही रक्कम वाढत नाही. शौचालयाच्या 12 हजारांत बहुधा अंगणाच्या कडेला उकिडवे बसण्याचे भांडे आणि अरुंद दार एवढेच बसते, आणि पायांत बळ नसलेल्या बाईला तिथपर्यंत कोणीतरी उचलून न्यावे लागते. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाचा 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. तो पाया खोदतानाच उतार, कठडा आणि रुंद चौकटीसाठी दिला, तर पुढची तोडफोड टळेल.

मानसिक आजाराची गरज निराळी आहे. 2016 च्या कायद्याने मान्य केलेल्या 21 प्रकारांत हा आजारही आहे, पण अशा रुग्णाला उतारापेक्षा शांत कोपरा आणि वेळेवर गोळ्या देणारे माणूस हवे असते. एका खोलीत सारे कुटुंब राहते तेव्हा कोपरा मिळत नाही, आणि दिवाळीनंतर घरातली धडधाकट माणसे ऊसतोडीला गेली की माणूसही उरत नाही. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 चे कलम 19 सांगते की केवळ घर नाही किंवा कुटुंब स्वीकारत नाही म्हणून कोणालाही मनोरुग्णालयात ठेवता येणार नाही. त्यासाठी कलम 18 ने हाफ-वे होम, म्हणजे रुग्णालय आणि घर यांच्या मधला देखरेखीचा मुक्काम, आणि आधारयुक्त निवास पुरवणे शासनावर सोपवले आहे. जालन्यात 365 खाटांच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाला राज्य मंत्रिमंडळाने मंजुरी दिली, हे मराठवाड्यासाठी मोलाचेच आहे. पण त्याच्या जोडीला तालुक्यांत असे निवास उभे राहिले नाहीत, तर बरा झालेला रुग्ण ऊसतोडीच्या महिन्यांत पुन्हा त्याच एकट्या खोलीत परतेल आणि त्याच्या गोळ्या पुन्हा चुकतील.