प्रशिक्षणाचा खर्च कोणाच्या खात्यावर?

नेमणुकीचे पत्र हाती पडले की उमेदवाराचे लक्ष प्रथम वेतनाच्या आकड्याकडे जाते. त्याच पत्रात पुढे प्रशिक्षणाचा कालावधी, त्या काळातील विद्यावेतन आणि किमान सेवेची अट नमूद केलेली असते. या ओळी बहुधा घाईने वाचल्या जातात. प्रशिक्षणाचा खर्च खऱ्या अर्थाने कोण सोसतो, याचे उत्तर मात्र त्यांतच दडलेले असते.

दोन प्रकारचे प्रशिक्षण

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९६४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ह्यूमन कॅपिटल’ या ग्रंथात या प्रश्नाची मूलभूत मांडणी केली. त्यांना १९९२ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या मते कौशल्ये दोन प्रकारची असतात. वेल्डिंग किंवा लेखापालन यांसारखे कौशल्य कोणत्याही आस्थापनेत उपयोगी पडते. असे कौशल्य शिकलेला माणूस उद्या अन्यत्र जाऊ शकतो. त्यामुळे त्याचा खर्च मालक सहसा स्वतः सोसत नाही. प्रशिक्षणकाळात कमी वेतन देऊन तो शिकणाऱ्याकडूनच वसूल होतो. याउलट एखाद्या संस्थेची स्वतःची कार्यपद्धती केवळ तेथेच उपयोगाची असते. तिच्या प्रशिक्षणाचा खर्च मालक आणि कर्मचारी वाटून घेतात. थोडक्यात, मालकाने पैसे मोजले तरी त्यातील काही भार कर्मचारी कमी वेतनाच्या रूपाने उचलीत असतो.

शिकाऊ उमेदवार आणि विद्यावेतन

आपल्या देशात १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाने या वाटणीला कायद्याची चौकट दिली. या अधिनियमानुसार शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नव्हे. त्यामुळे त्याला वेतन नव्हे, तर विद्यावेतन मिळते. ते देणे मालकावर बंधनकारक आहे. उमेदवाराकडून उक्त्या कामाच्या दराने काम करून घेता येत नाही. प्रशिक्षणाच्या ओघात अपघाताने इजा झाल्यास भरपाईची जबाबदारीही मालकावरच असते.

२०१९ मध्ये नियमांत झालेल्या सुधारणेनुसार, ३० किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांनी मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के इतके शिकाऊ उमेदवार घेणे आवश्यक ठरले. शैक्षणिक पात्रतेनुसार किमान मासिक विद्यावेतन त्या वेळी ५,००० ते ९,००० रुपये असे निश्चित करण्यात आले. हे दर शासन वेळोवेळी बदलते. म्हणून करार करताना त्या वेळी लागू असलेला दर पाहणे इष्ट होय.

या खर्चात तिसरा वाटेकरीही आहे. २०१६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत केंद्र शासन विद्यावेतनाच्या २५ टक्के, कमाल दरमहा १,५०० रुपये, इतका वाटा उचलते. २०२३ पासून हा वाटा उमेदवाराच्या बँक खात्यात थेट जमा करण्याची पद्धत सुरू झाली. त्यामुळे आधारशी जोडलेले खाते वेळेत कार्यान्वित करून घेणे उमेदवाराच्या हिताचे असते.

बाँडची अट

शिकवून तयार केलेला कर्मचारी लगेच निघून जाऊ नये, यासाठी अनेक मालक किमान सेवेचा बाँड लिहून घेतात. अशा करारांचा प्रश्न न्यायालयांपुढे अनेकदा आला आहे. कल्याण येथील टायरकॉर्ड कारखान्यातील एका पर्यवेक्षकाने १९६३ साली पाच वर्षांचा करार केला. प्रशिक्षण घेतल्यानंतर तो मुदतीपूर्वीच कोटा येथील प्रतिस्पर्धी कारखान्यात गेला. करारकाळापुरती त्याच्यावर घातलेली मनाई सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये कायम ठेवली.

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पूर्वीच्या विजया बँकेच्या एका प्रकरणात असाच निर्णय दिला. तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट त्यात वैध ठरली. तेथे भर प्रशिक्षणापेक्षा खुल्या भरतीप्रक्रियेवर होणाऱ्या खर्चावर होता, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

याचा अर्थ बाँडमधील कोणतीही रक्कम आपोआप देय होते असा नव्हे. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७४ नुसार करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते. तिच्या आत वाजवी भरपाईच मागता येते.

स्वाक्षरीपूर्वी

बाँडवर स्वाक्षरी करण्यापूर्वी उमेदवाराने चार गोष्टी विचारून घ्याव्यात. प्रशिक्षणकाळात नेमके किती पैसे मिळणार? ते विद्यावेतन आहे की वेतन? किती काळ सेवा बंधनकारक आहे? नोकरी सोडल्यास किती रक्कम द्यावी लागेल आणि ती कशाच्या आधारे ठरविली आहे? कराराची प्रतही स्वतःजवळ ठेवावी.

मालकांनीही ही माहिती आरंभीच स्पष्टपणे द्यावी. खर्चाची वाटणी दोन्ही पक्षांना आधीच ठाऊक असेल, तर तंटा उद्भवण्याचे कारण उरत नाही. शिकण्याची उमेद बाळगून आलेल्या तरुणाला ती वाटणी राजीनाम्याच्या दिवशी प्रथमच कळावी, हे उभयपक्षी हितावह नाही.