सायकलिंग-क्लाइंबिंगचा प्रशिक्षक : खेळ नव्हे, अमानत सांभाळायची नोकरी

बारावीचा निकाल लागला की आमच्याकडे पालकांची ये-जा वाढते. पिंपरी, भोसरी, चाकण या पट्ट्यात प्रश्न ठरलेला असतो: आयटीआय की डिप्लोमा? मागच्या वर्षी मात्र एक अब्बू मुलाला घेऊन वैतागूनच आले. "सर, चाकणला कंपनीत चिकटवतो म्हटलं तर नको म्हणतो. याला म्हणे दोरीवर लटकायची नोकरी पाहिजे! तुम्हीच समजवा."

समजवण्याआधी आम्ही स्वतः माहिती काढली. तीच इथे देतो आहोत.

काम नेमकं काय?

शाळांची शिबिरं, सुट्टीतले कॅम्प, कंपन्यांच्या सहली यांना प्रशिक्षक लागतात. लोहगड, विसापूर, तिकोना, लोणावळ्याची नागफणी ही ठिकाणं आपल्यापासून फार लांब नाहीत. मुलं येण्याआधीच प्रशिक्षकाचं काम सुरू होतं. दोर कुठे घासला आहे का, हार्नेसचं बकल नीट बसलं का, एक अँकर निसटला तर दुसरा भार घेईल का, हे सगळं तपासायचं. मूल कड्यावर चढताना खालून दोर सांभाळणं म्हणजे 'बिले देणं'. तेवढा वेळ मोबाइल वाजला तरी दोरावरचा हात सुटता कामा नये. एखादं मूल घाबरून मध्येच थांबलं, तर त्याची थट्टा होऊ न देता त्याला खाली आणणं हाही कामाचाच भाग.

सह्याद्रीच्या कड्यांवर आग्या मोहोळं असतात. उग्र वासाने आणि धुराने माश्या चवताळतात. म्हणून गडावर जाताना अत्तर लावू नका, हेही त्यानेच सांगायचं.

सायकलिंगमध्ये एक प्रशिक्षक पुढे आणि एक सगळ्यांच्या मागे असतो. निघण्याआधी ब्रेक, चेन, टायरची हवा बघायची. वाटेत पंक्चर काढायचं. तळेगाव-चाकण रस्त्यावर कंटेनरची वर्दळ किती, हे आपल्याला सांगायला नको. म्हणून मुलांना घेऊन फजरनंतर लगेच, कमी गर्दीच्या रस्त्यानेच निघावं लागतं.

शिक्षण कुठे?

उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था, दार्जिलिंगची हिमालयन संस्था, मनालीची अटल बिहारी वाजपेयी संस्था या ठिकाणी साधारण चार आठवड्यांचा बेसिक कोर्स असतो. त्यात 'ए' ग्रेड मिळाली की अ‍ॅडव्हान्स, आणि त्यापुढे शिकवायचं कसं हे शिकवणारा 'मेथड ऑफ इन्स्ट्रक्शन' कोर्स. पुण्यातही गार्डियन गिरिप्रेमी संस्थेचे कोर्स आहेत. सोबत प्रथमोपचार आणि सीपीआर यायलाच हवं.

हे आपल्या लोकांचं काम नाही, असं कुणी म्हणेल. औरंगाबादचे पोलीस शिपाई रफिक शेख यांनी मे 2016 मध्ये एव्हरेस्ट सर केलं. त्याआधीचे दोन हंगाम, 2014 चा हिमप्रपात आणि 2015 चा नेपाळचा भूकंप यांमुळे, हातचे गेले होते. तरी ते तिसऱ्यांदा गेले.

रोजीचं काय?

खरं सांगायचं तर सुरुवातीला दिवसाच्या मानधनावरच काम मिळतं. हिवाळ्यात आणि उन्हाळी सुट्टीत हात रिकामा नसतो. पावसात कातळ निसरडा, क्लाइंबिंग बंद. म्हणून सोबत पदवी किंवा आयटीआय असू द्यावा. मुलींच्या शिबिरांना बाई प्रशिक्षक लागतात आणि त्या कमी आहेत. स्कार्फ हेल्मेटखाली घट्ट बांधता येतो. फक्त मोकळं टोक दोरात किंवा चेनमध्ये अडकता कामा नये.

पालकांनी आपलं मूल शिबिराला पाठवतानाही विचारावं: प्रशिक्षकाने कोर्स कुठे केला? हेल्मेट सगळ्यांना आहेत का? जवळचा दवाखाना कोणता? राज्याच्या 2021 च्या साहसी पर्यटन धोरणानुसार आयोजकाला पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. तो कागद मागायला लाजू नये.

तो मुलगा आता आयटीआय करतो आणि रविवारी एका क्लबमध्ये शिकतो. अब्बूंनी त्याला एकच विचारलं होतं, "दुसऱ्याचं लेकरू तुझ्या हातात, झेपेल का रे?" तो म्हणाला, "म्हणून तर आधी शिकतोय, अब्बू." त्यावर आम्हाला वेगळं समजवायची गरज उरली नाही.