सराव मोडला, आता धावायचं कसं?

वसई-विरार मॅरेथॉन बहुधा डिसेंबरात असते. तिच्यातली अर्धमॅरेथॉन २१ किलोमीटरहून थोडी जास्त. पण त्याआधीच आपल्या पालघर-बोईसरकडे भातकापणी येते, तारापूर एमआयडीसीत रात्रपाळी लागते, घरात कुणी तापाने पडतं. सराव मोडतोच.

गटातल्या बायकांना आम्ही सांगतो, बुडालेलं अंतर एकदम भरून काढू नका. पिंडऱ्या, गुडघे दुखावतात. दिवसभर कापणी केली तर संध्याकाळी धावू नका, तीही मेहनतच. दोन आठवडे गेले तर निम्म्या अंतराने सुरुवात करून हळूहळू वाढवा. शर्यतीत पहिल्यापासूनच चार मिनिटं धावा, एक मिनिट चाला. छातीत दुखलं, चक्कर आली तर तिथेच थांबा. सरावात दहा किलोमीटरही झाले नसतील तर यंदा छोटी शर्यत घ्या. अर्धी पुढच्या खेपेला करू.