जिन-सू क्वॉन : दोन बाजूंनी दिसलेला माणूस

अमेरिकेतील एबीसी या वाहिनीवर २२ सप्टेंबर २००४ रोजी सुरू झालेल्या आणि सहा पर्वांनंतर २३ मे २०१० रोजी संपलेल्या ‘लॉस्ट’ या मालिकेत सिडनीहून लॉस एंजेलिसला निघालेले प्रवासी विमान प्रशांत महासागरातील एका अज्ञात बेटावर कोसळते आणि वाचलेल्या, एकमेकांना बहुतांशी अनोळखी असलेल्या माणसांची कथा तेथून उलगडू लागते. या माणसांत जिन-सू क्वॉन आणि सुन-ह्वा हे दक्षिण कोरियातील एक दांपत्य आहे. त्यांतील जिन हे पात्र विशेष अभ्यासण्यासारखे आहे. कारण सुरुवातीला त्याला इंग्रजीचा एकही शब्द कळत नाही, बेटावरच्या इतरांना कोरियन येत नाही, आणि त्यामुळे त्याच्याविषयीचे प्रत्येकाचे मत त्याच्या बोलण्यावरून न बनता केवळ दिसण्यावरून आणि वागण्यावरून बनत जाते.

सुरुवातीच्या भागांत हे मत त्याला अनुकूल होईल असे फारसे काही दाखवलेले नाही. अपघातानंतर सर्वजण भेदरलेले असतानाही तो पत्नीला सदऱ्याचे वरचे बटण लावायला सांगतो, तिने इतरांत मिसळू नये असे बजावतो, आणि ती मान खाली घालून ऐकते. पूर्व आशियाई पुरुष म्हणजे बायकोवर हुकमत गाजवणारा, हा अमेरिकी पडद्यावरील जुनाच साचा येथे पुन्हा वापरला जात आहे, अशी टीका त्या काळात झाली आणि ती अनाठायी नव्हती. मात्र त्याच आरंभीच्या भागांत जिन समुद्रातून काटेरी कवचाचे जीव गोळा करतो, ते फोडून खाण्यायोग्य करतो आणि अनोळखी माणसांपुढे एकेक करून धरतो. हर्ली हा सहप्रवासी नकार देतो. गरोदर असलेली क्लेअर एक तुकडा खाते आणि तिला पोटातील बाळाची हालचाल जाणवते. लेखकांनी पुढे जे उलगडले त्याचे बीज या छोट्या प्रसंगात होते.

मालिकेची रचना फ्लॅशबॅकवर, म्हणजे चालू कथा थांबवून पात्राचा भूतकाळ दाखवण्याच्या पद्धतीवर, उभी आहे आणि प्रत्येक भाग साधारणपणे एकाच पात्राच्या भूतकाळाला वाहिलेला असतो. जिन आणि सुन यांच्याबाबतीत या पद्धतीचा जो उपयोग झाला, तो संपूर्ण मालिकेतील सर्वांत सकस लेखनापैकी आहे. पहिल्या पर्वाचा सहावा भाग सुनच्या दृष्टीने सांगितला आहे. पती लग्नानंतर बदलत गेला, कामात बुडाला. एके दिवशी तिच्यासाठी भेट म्हणून कुत्र्याचे पिल्लू घेऊन आला, आणि एका रात्री रक्ताने माखलेले हात धुऊ लागला. तिने जाब विचारला तेव्हा, तुझे वडील जे सांगतात तेच आपण करतो, एवढेच तो म्हणाला. ही स्त्री गुपचूप इंग्रजी शिकली आहे आणि सिडनीच्या विमानतळावरून नवऱ्याला सोडून पळून जाण्याची तिची तयारी झालेली होती, हेही याच भागात कळते. तो रांगेतून तिला एक पांढरे फूल दाखवतो, प्रेमाच्या पहिल्या दिवसांची आठवण जागी होते आणि तिचे पाऊल अडते.

सतराव्या भागात तोच काळ जिनच्या बाजूने दाखवला आहे. ते पिल्लू त्याने विकत घेतलेले नव्हते. सासऱ्याने त्याला एका सरकारी अधिकाऱ्याकडे नाराजीचा निरोप घेऊन पाठवले होते आणि घाबरलेल्या त्या अधिकाऱ्याने ते पिल्लू जिनच्या हाती ठेवले होते. केवळ निरोपाने काम भागले नाही म्हणून सासऱ्याने दुसऱ्यांदा त्याच्यासोबत मारेकरी पाठवला, तेव्हा त्या अधिकाऱ्याचा जीव वाचवण्याचा एकच मार्ग जिनला दिसला : मारेकऱ्याच्या आधी आत शिरून स्वतःच त्याला बेदम मारणे. सुनने पाहिलेले रक्त हे होते. दोन्ही भागांतील दृश्य एकच आहे, पात्रे तीच आहेत. केवळ आधीची माहिती बदलल्यामुळे प्रेक्षकाला स्वतःचाच निवाडा मागे घ्यावा लागतो. बेटावरही याच भागात समांतर घटना घडते. बेटावरून सुटण्यासाठी सहप्रवासी मायकेल बांधत असलेला तराफा जळतो, हाताला भाजल्याच्या खुणा असलेल्या जिनवर आळ येतो, आणि मायकेल त्याला मारत असताना सुन सर्वांदेखत इंग्रजीत ओरडून सांगते की तो आग विझवायला गेला होता. जिनला एका क्षणी दोन गोष्टी कळतात : पत्नीने आपल्याला वाचवले आणि इतके दिवस आपल्यापासून केवढी मोठी गोष्ट लपवून ठेवली.

जिनच्या कठोर वागण्यामागे स्वभावापेक्षा वर्गभेदाचे ओझे अधिक आहे. जिन दक्षिण किनाऱ्यावरील नामहे येथील कोळ्याचा मुलगा, तर सुनचे वडील पैक हे बड्या उद्योगाचे मालक. कोरियात एकाच घराण्याच्या ताब्यातील आणि अनेक धंद्यांत पसरलेल्या बलाढ्य उद्योगसमूहांना ‘चेबॉल’ म्हणतात. पैक यांचे घराणे त्याच जगातले आहे. सोलमधील एका भारी हॉटेलात जिन दारवान म्हणून लागतो, तेव्हा त्याच्यासारख्या माणसांना आत सोडायचे नाही, अशी ताकीद त्याला मिळते. एक गरीब बाप लहान मुलाला स्वच्छतागृहात न्यायचे म्हणून विनवू लागतो, जिन दार उघडतो, बोलणी खातो आणि नोकरीवर पाणी सोडतो. असा माणूस लग्नासाठी पैक यांच्यासमोर बसतो तेव्हा जिवंत वडील वारल्याचे सांगतो आणि पैक यांची चाकरी पत्करतो. वडिलांना नाकारण्याची ही शरम त्याच्या कठोरपणाच्या मुळाशी आहे. सतराव्या भागात तो अखेर गावी परततो, तेव्हा म्हातारा बाप एका शब्दानेही दोष देत नाही; तो दृश्यप्रसंग अत्यंत संयमाने लिहिलेला आहे.

जिनची भूमिका करणारे डॅनिअल डे किम यांचा जन्म १९६८ मध्ये बुसान येथे झाला, पण ते लहानपणीच अमेरिकेत गेले आणि तेथेच वाढले. त्यामुळे भूमिकेसाठी त्यांना आपली मागे पडलेली मातृभाषा पुन्हा घासूनपुसून घ्यावी लागली. कोरियातील प्रेक्षकांना त्यांचे उच्चार खटकले आणि तशी टीकाही झाली. सुनची भूमिका करणाऱ्या युन्जिन किम यांची गोष्ट वेगळी होती. ‘श्विरी’ या १९९९ च्या गाजलेल्या कोरियन चित्रपटामुळे त्या मायदेशी आधीच परिचित होत्या. ‘लॉस्ट’मध्ये त्यांनी केट या पात्रासाठी चाचणी दिली होती आणि त्यांचे काम आवडल्यामुळे निर्मात्यांनी सुन हे पात्र त्यांच्यासाठी निर्माण केले. तरीही लेखन अमेरिकी नजरेतून झाल्याच्या खुणा राहिल्याच. कोरियात स्त्रिया लग्नानंतरही माहेरचेच कुलनाम ठेवतात, म्हणून सुन तेथे पैकच राहिली असती. मालिकेत मात्र ती क्वॉन झाली.

पहिल्या पर्वाच्या अखेरीस जिन नव्याने बांधलेल्या तराफ्यावरून निघतो, पुढील पर्वांत विमानाच्या शेपटीकडील भागातून वाचलेल्यांच्या हाती सापडतो, काळात मागे फेकला जातो आणि १९७० च्या दशकात बेटावरील एका संशोधन वसाहतीत राहताना अस्खलित इंग्रजी बोलू लागतो. या घडामोडी रंजक आहेत, पण पात्राची खोली त्यांनी वाढवली असे म्हणवत नाही. जिनचे व्यक्तित्व ज्या अबोलपणातून घडले होते, तो संपल्यावर तो इतरांसारखा एक साहसी वीर उरला.

४ मे २०१० रोजी दाखवलेल्या भागात जिन आणि सुन बुडत्या पाणबुडीत एकत्र मरतात. सुन लोखंडी सामानाखाली अडकलेली आहे, त्याला निघून जाण्याची विनवणी करते, तो जात नाही. या मृत्यूवर प्रेक्षकांनी दोन आक्षेप घेतले : त्यांच्या जी-येऑन या लहान मुलीचा त्या क्षणी विचारच झाला नाही आणि शेवटचे बोलणे बहुतांश इंग्रजीत झाले. पहिल्या आक्षेपाला काही उत्तर देता येईल, कारण त्या काही क्षणांत माणूस काय विचार करील हे कोणी ठरवू शकत नाही. दुसरा आक्षेप मात्र पूर्णपणे मान्य करावा लागतो. ज्या दोघांनी सहा वर्षे अमेरिकेतील कोट्यवधी घरांत कोरियन संवाद पोहोचवले, त्यांना मरताना आपल्या भाषेत बोलू न देणे ही लेखकांची ढळढळीत चूक होती.

सहा पर्वे पाहण्याइतका वेळ ज्यांच्यापाशी नसेल, त्यांनी निदान पहिल्या पर्वातील सहावा आणि सतरावा हे दोन भाग पाठोपाठ, याच क्रमाने पाहावेत.