सांत्वन करणाऱ्याचा भार

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूर परिसरात भूकंप झाला आणि दगडमातीच्या घरांखाली हजारो माणसे गाडली गेली. अशा आपत्तीनंतर ढिगारे उपसले जातात, निवारे उभे राहतात. मानसोपचारतज्ज्ञ, समुपदेशक व समाजसेवक मात्र पुढे कित्येक महिने शोकाकुल कुटुंबांजवळ बसून त्यांचे दुःख ऐकत असतात. या ऐकणाऱ्यांच्या मनाचे काय होते, याचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

जो स्वतः ढिगाऱ्याखाली सापडला नाही, त्यालाही तो स्वप्नात दिसू लागतो. झोप मोडते, घरच्या माणसांवर विनाकारण राग निघतो, आपण सुखरूप असल्याची लाज वाटते. काहींचे मन इतके बधिर होते, की समोर एखादी माता रडत असताही आत काहीच हलत नाही. मॅकॅन व पर्लमन यांनी १९९० मध्ये दुसऱ्याच्या आघातातून होणाऱ्या या आघाताचे विवेचन केले. १९९५ मध्ये चार्ल्स फिग्ली यांनी ‘करुणेचा थकवा’ या संज्ञेखाली त्याचा ऊहापोह केला. समरस होऊन ऐकणाऱ्यालाच हा धोका अधिक असतो. म्हणून यास श्रद्धेची उणीव समजणे अन्यायाचे होय. असा सेवक धर्मगुरूकडे आला आणि त्यास केवळ अधिक प्रार्थनेचा उपदेश मिळाला, तर तो आणखी एक दोष माथी घेऊन परततो.

घडलेले सर्व एकाच बैठकीत वदवून घेण्याची पद्धत काही काळ रूढ होती. तिच्यामुळे पुढील मानसिक विकार टळत नाहीत, असे २००२ च्या एका संशोधन-समीक्षेत दिसून आले. तेव्हा बोलण्याची सक्ती नसावी. बोलावेसे वाटेल त्या वेळी ऐकणारा मात्र असावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११ च्या मार्गदर्शिकेतही कामाच्या तासांना मर्यादा, विश्रांती व सहकाऱ्यांचा आधार यांवर भर आहे. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्यायनिवाडा करीत होता, तेव्हा इथ्रोने त्याच्या विश्वासाची परीक्षा घेतली नाही; काम वाटून देण्यास सांगितले.

आपल्या मंडळीतून कोणी आपद्‌ग्रस्त भागात जात असेल, तर त्यास एकटे पाठवू नये, परतण्याचा दिवस आधी ठरवावा व परतल्यावर त्याचे ऐकणारी व्यक्तीही नेमून ठेवावी. काही आठवड्यांनंतरही झोप पूर्ववत न झाल्यास वैद्यकीय सल्ला घ्यावा. जीव नकोसा झाल्याचे शब्द कानी पडले, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे त्याच दिवशी आपण स्वतः त्याच्याबरोबर जावे.