शिक्षकाचा गोपनीय अहवाल पाहायचा कोणी?

शिक्षकाचा पगार जनतेच्या पैशातून होतो, मग त्याचा गोपनीय अहवाल पालकांना का दाखवू नये? यावरचा महत्त्वाचा निकाल अकोल्याशी जोडलेला आहे. भविष्य निर्वाह निधीच्या अकोला उपप्रादेशिक कार्यालयात काम केलेल्या अधिकाऱ्याची सेवाविषयक माहिती माहिती अधिकारात मागितली गेली. २०१२ मध्ये, गिरीश देशपांडे प्रकरणात, सर्वोच्च न्यायालय म्हणाले की कर्मचाऱ्याची कामगिरी ही मुख्यतः तो आणि त्याला नेमणारी संस्था यांच्यातली बाब. व्यापक जनहित असेल तरच ती उघड व्हावी. शिक्षकांच्या बाबतीत मला हे पटते. मेळघाटात आईवडील कामासाठी स्थलांतर करतात, मुलेही सोबत जातात आणि शाळा बुडते. तिथल्या गुरुजींच्या अहवालातला शेरा अमरावती शहरातल्या शिक्षकाच्या शेऱ्याशेजारी मांडला, तर वाचणाऱ्याला गरिबी दिसणार नाही, फक्त गुरुजींचे नाव दिसेल. न्यूयॉर्कने असेच करून पाहिले: २०१२ मध्ये सुमारे १८,००० शिक्षकांची गुणांकने नावांसह खुली केली. इंग्रजीच्या शिक्षकाचे स्थान शंभरांपैकी सरासरी ५३ क्रमांकांच्या पट्ट्यात कुठेही असू शकत होते! त्याच वर्षी तिथल्या कायद्याने ही माहिती आपल्या पाल्याच्या शिक्षकापुरती, पालकांसाठीच ठेवली.

गोपनीयतेआड कामचुकार लपतात, हा आक्षेप खरा आहे. पण त्यावर उपाय शेरे छापणे नव्हे. हजेरी, रिक्त पदे, तक्रारींच्या चौकशीचा निष्कर्ष शाळा व्यवस्थापन समितीपुढे आलाच पाहिजे. आणि शिक्षकापासून तर काहीच लपवू नये: देव दत्त प्रकरणात २००८ मध्येच न्यायालयाने प्रत्येक नोंद संबंधित सरकारी कर्मचाऱ्याला कळवणे बंधनकारक ठरवले, म्हणजे चुकीच्या शेऱ्याविरुद्ध त्याला वेळेत दाद मागता येते.