घरबसल्या उमेदवारी

आमची मुलगी पदवीधर झाली आणि घरबसल्या उमेदवारी करू लागली. काम कसले, तर ‘इन्स्ट्रक्शनल डिझाइन’. म्हणजे शिकवण्याची आखणी. पहिल्या आठवड्यात आम्ही तिला दहादा हाका मारल्या. दूध बघ, दार उघड, पाहुण्यांना पाणी दे. ती उठत राहिली आणि धडा अपुरा राहिला. चूक आमची होती.

या कामाला शिस्त आहे. १९७५ साली अमेरिकेच्या फ्लोरिडा स्टेट विद्यापीठात लष्करी प्रशिक्षणासाठी तिच्या पाच पायऱ्या बांधल्या गेल्या : विश्लेषण, आराखडा, निर्मिती, अंमलबजावणी, मूल्यमापन. शिकणारा कोण आणि धड्यानंतर त्याला काय करता आले पाहिजे, हे आधी ठरवायचे. चित्रे, आवाज, प्रश्न मागाहून. मध्येच उठवले की धागा तुटतो.

मुलींनो, कामाचे तास, विद्यावेतन आणि केलेले काम पुढे नमुना म्हणून दाखवण्याची परवानगी सुरुवातीलाच लेखी घ्या. अडले तर त्याच दिवशी लिहून विचारा. तुमचा पडलेला चेहरा तिकडे कोणाला दिसत नाही.

आणि पालकहो, दोन खोल्यांच्या घरातही एक कोपरा आणि चार तासांची शांतता देता येते. आम्ही ती आता देतो. दूध आम्हीच बघतो.